कडेचा माणूस जाड दिसतो

धुळ्याच्या उन्हाचे दोन भाग पडतात. आखाजीच्या आधीचं आणि आखाजीच्या नंतरचं. पंचांगात जिला अक्षय्य तृतीया म्हणतात ती आमची आखाजी. परगावच्या माणसाला दोन्ही उन्हं सारखीच भाजतात, त्यात त्याचा काही दोष नाही. पण आमच्याकडे आधीच्या उन्हात माणसं रस्त्याकडे तोंड करून बसतात. सासरी गेलेल्या लेकी या सणाला माहेरी येतात, त्यामुळे केस पिकलेला भाऊसुद्धा एसटीचा हॉर्न ऐकला की काही काम नसताना उठून उंबऱ्यापर्यंत जाऊन येतो. नंतरच्या उन्हात तोच माणूस रस्त्याकडे पाठ करून झोपतो. ऊन तेच असतं. माणूस कूस बदलतो.

काल सकाळी स्टुडिओचं शटर वर केलं तर पायरीवर निंबाचा बारीक फुलोरा सांडला होता. समोरून कुंभाराची हातगाडी चालली होती, नव्या घागरी एकमेकींना टेकून बसलेल्या, माहेरी निघालेल्या बायकांसारख्या. तिच्यामागे डांगरांची गाडी. आमच्याकडे खरबुजाला डांगर म्हणतात. पुण्याच्या पाहुण्याला डांगर कापून ठेवलंय असं सांगितलं तर तो भोपळ्याच्या भीतीने जेवून आल्याचं निमित्त काढून पळतो. आखाजीला घरोघर नवी घागर भरतात, तिच्या तोंडावर डांगर ठेवतात आणि गेलेल्या बापजाद्यांना गार पाणी पोचवतात. एवढ्या उन्हात वर त्यांनाही तहान लागत असणार, हा आमचा साधा हिशेब.

घागरींच्या त्या गाडीकडे पाहता पाहता मला नव्या लेन्सची आखाजी आठवली आणि मी शटर अर्ध्यावर धरून एकटाच हसत उभा राहिलो. समोरचा झेरॉक्सवाला बघत होता. बघू दे. त्याला सगळ्याच गोष्टी एकसारख्या दोन काढायची सवय आहे. माझ्या धंद्यात एकाच गोष्टीचे दोन फोटो एकसारखे कधी येत नाहीत.

त्या वर्षी मी नवा कॅमेरा घेतला होता. लग्नसराईत राबून राबून जुना कॅमेरा म्हातारा झाला होता, शटर दाबलं की खोकायचा. नव्याला जुन्या लेन्स रुचेनात. मग जळगावच्या एका दुकानदार मित्राने दोन नव्या लेन्स पारखायला दिल्या. आखाजीपर्यंत वापर, म्हणाला, आवडेल ती ठेव, नको ती परत आण. एक होती लांबची. दुधाच्या किटलीएवढी, पांढरट, गळ्यात अडकवली की मान आपोआप नम्र होते. दुसरी रुंद. आखूड, गोल, पुढची काच बेडकाच्या डोळ्यासारखी फुगलेली. मी दोघींना टॉवेलमध्ये गुंडाळून घरी आणलं. बायकोने टॉवेल उघडून पाहिला आणि विचारलं, यांना जेवायला काय लागतं?

नव्या लेन्सचा एक वास असतो. रबर, थोडं तेल आणि बरीचशी आशा. झाकण काढताना टक् असा आवाज होतो आणि पन्नाशीचा माणूस एकदम शाळेत नवी कंपासपेटी मिळालेल्या पोरासारखा होतो. मी गच्चीवर गेलो. तिथे बायकोचे बिबडे, म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड, वाळत होते, जुन्या धोतरावर ओळीने अंथरलेले. रुंद लेन्स लावली तर बिबडे थेट पारोळ्याच्या रस्त्यापर्यंत पसरल्यासारखे दिसले. लांब लेन्स लावली तर चार गच्च्या पलीकडच्या वहिनींच्या कुरडया आमच्या बिबड्यांना येऊन चिकटल्या. दोन्ही फोटो मी बायकोला दाखवले. पहिल्यावर ती खूश झाली, दुसऱ्यावर म्हणाली, त्या कुरडया त्यांच्या गच्चीवर परत ठेवून या, उगाच नाव आपल्यावर येईल.

मी तेव्हा खूप हसलो. ती बाई किती खरं बोलून गेली ते मला आठवड्याने कळलं.

लेन्सची खरी परीक्षा गावी घ्यायची असं मी ठरवलं होतं. आमचं गाव दोंडाईच्याच्या अलीकडे, रस्त्यापासून आत. माझं घर आता तिथे नाही, पण शेजारच्या घरातली तीन भावंडं आहेत, आणि त्यांच्यात मी लहानपणापासून चौथा. थोरली अक्का, मधले आबा, धाकटे नाना. अक्कांना यावलला दिली, केळीच्या मुलखात. आबा आणि नाना गावातच, आता वेगवेगळ्या घरांत. शेताची वाटणी शांतपणे झाली होती. भांडण झालं ते निंबावरून.

हा निंब बरोबर दोघांच्या मधल्या बांधावर उभा. अक्का मुलगी होती तेव्हापासून आखाजीचा झोका याच निंबाला, याच एका आडव्या फांदीला. एका वर्षी त्या फांदीची सावली कपाशीवर पडते म्हणून आबांनी ती छाटली. नाना म्हणाले, अक्काचा झोका तोडला. आबा म्हणाले, अक्का साठीची झाली, झोक्यावर बसली असती तर फांदी आपोआपच तुटली असती. मग बोलणं बंद. गंमत अशी की यात अक्कांना कुणीच विचारलं नाही. त्यांना कळलं तेव्हा त्या हसल्या, असं मला त्यांच्या सुनेने सांगितलं. आणि मग म्हणे आत जाऊन बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

तेव्हापासून दोघे भाऊ एकमेकांशी तिसऱ्यामार्फत बोलायचे. तिसरा म्हणजे जो सापडेल तो. पोस्टमन, शेतावरचा सालदार, बैल. मी गेलो की तो मान माझा. आबा बांधाच्या या बाजूने मला सांगायचे की तुझ्या दोस्ताला सांग, मोटर बंद कर, पाणी इकडे येतंय. दोस्त पाच पावलांवर उभा, शब्द न् शब्द ऐकलेला. तरी मी वळून त्याला तेच सांगायचं. मग नाना मला सांगणार की त्यांना सांग, मोटर सकाळीच बंद केली. मी परत वळायचं. गावात क्रिकेटचा पंच जेवढा फिरत नाही तेवढा मी त्या बांधावर फिरलो. एकदा दोघे मोसमी वाऱ्यावर बोलत होते, माझ्यातून, आणि मला मध्येच शिंक आली तर दोघे शिंक संपेपर्यंत थांबले.

तर त्या वर्षी मी गेलो, आबांच्या ओट्यावर बसलो, पिशवी मांडीवर. आबांनी विचारलं, काय नवीन. मी छाती पुढे काढून सांगितलं, नवी लेन्स टाकली, आबा.

आबांनी चष्मा कपाळावर चढवला. माझ्या तोंडाजवळ तोंड आणलं. आळीपाळीने माझे दोन्ही डोळे पाहिले आणि काळजीने विचारलं, "कोनत्या डोयामा?"

खानदेशात लेन्स टाकली म्हणजे मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दुसरी कुठली लेन्स माणसं टाकत नाहीत. मी पिशवीतून किटली काढून दाखवली तेव्हा आबांचा जीव भांड्यात पडला. एवढी मोठी डोळ्यात बसली नसती हे त्यांनाही पटलं. आणि मग त्यांनी सांगितलं की अक्कांनीही नुकतीच लेन्स टाकली. जळगावला. एका डोळ्यात. दुसरा डोळा पुढच्या वर्षी. गेली काही वर्षं अक्कांना माणसं धुरकट दिसत होती, आवाजावरून ओळखायच्या. आता लखलखीत दिसतं म्हणे. डॉक्टरांनी विचारलं, पहिलं काय बघणार? तर म्हणाल्या, आखाजीला माहेरी जाईन आणि दोन्ही भावांना एका जागी उभे राहिलेले बघेन.

एवढं सांगून आबांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला. मग म्हणाले, आम्ही बोलत नाही हे तिला काय माहीत नाही का.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी शेताकडे गेलो. उन्हाळ्यातली काळी जमीन, कपाशी उपटून झालेली, भेगा पडलेली. दहा वाजल्यानंतर या जमिनीवर लांब लेन्स लावण्यात अर्थ नसतो, हवा उकळते आणि समोरचं झाड पाण्यात बुडाल्यासारखं हलतं. पण सकाळी हवा स्थिर असते, स्वच्छ, कोरी. मी किटली लावली आणि चाळिशीचा चष्मा कॅमेऱ्याला दाबून दूरचं पाहू लागलो. आबा त्यांच्या शेतात उभे, पाठीमागे हात बांधून. त्यांच्याही पलीकडे, बांध ओलांडून, नाना त्यांच्या शेतात उभे. तेही पाठीमागे हात बांधून. दोघांचे वडील असेच उभे राहायचे, आभाळाशी वाद घातल्यासारखे. मी चार पावलं डावीकडे सरकलो आणि काय सांगू, दोघे भाऊ लेन्समध्ये खांद्याला खांदा लावून उभे.

लांब लेन्सची ही खोड आहे. ती अंतर खाते. मागचं पुढे आणते आणि पुढच्याला चिकटवते. मधला बांध, मधली भेगाळलेली जमीन, मधली सगळी वर्षं, सगळं तिने एका घासात गिळलं. मी श्वास रोखून शटर दाबलं. असा फोटो, की बघणाऱ्याला वाटावं, दोघे आत्ता काहीतरी बोलून हसणार.

आता माझ्यात एक खोडकर माणूस राहतो आणि तो माझ्यापेक्षा लवकर उठतो. त्याने तो फोटो फोनवर घेतला आणि अक्कांना पाठवून दिला. खाली काही लिहिलं नाही. लिहायचं होतं की बघा लेन्सची कमाल. पण रेंज गेली आणि मी चहाला गेलो.

दुपारी अक्कांचा फोन आला. आवाज असा, की मी ओळखलाच नाही. "सुध्या, दोन्ही भाऊ एक व्हई ग्यात. माले दिसनं." माझं ऐकण्याआधीच त्या पुढे बोलत राहिल्या. नवी लेन्स पावली म्हणाल्या. केळीच्या फण्या बांधून ठेवल्या आहेत, या वर्षी दोन वेगळ्या पिशव्या करत नाही, एकच मोठी करते म्हणाल्या. मला दोन वेळा विचारलं की गाडीला न्यायला येशील ना. मी हो म्हणालो. लेन्स पावली म्हणजे त्यांची की माझी, हे विचारायची हिंमत झाली नाही.

फोन ठेवला आणि मला त्या उन्हात थंडी वाजली. धुळ्याला परतल्यावर बायकोला सांगितलं. ती बिबड्यांचा डबा भरत होती. हात न थांबवता म्हणाली, मी तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं, दुसऱ्याच्या कुरडया आपल्या गच्चीवर आणू नका. आता आणल्या आहेत तर राहतील असं काहीतरी करा.

आखाजीच्या सकाळी मी दोंडाईच्याच्या स्टेशनवर उभा होतो. भुसावळहून येणारी गाडी आली आणि माहेरवाशिणींचा लोंढा उतरला. त्यांत अक्का. डोक्यावर पदर, डोळ्याला डॉक्टरने दिलेला काळा चष्मा, एका हातात केळीची भलीमोठी पिशवी. काळ्या चष्म्यात अक्का एखाद्या चित्रपटातल्या तस्करासारख्या दिसत होत्या आणि मी तसं म्हणालोही. त्यांनी चष्मा काढला, धुरकट डोळा मिटला, नव्या डोळ्याने मला न्याहाळलं आणि म्हणाल्या, टक्कल पडलंय तुला, मला कुणी सांगितलंच नाही.

एक डोळा मिटून बघायची ती पद्धत पाहून मी चकित झालो. मीही तसाच बघतो. आमचा दोघांचा धंदा त्या दिवशी एकच होता.

गाव येईपर्यंत त्या खिडकीतून सगळं मोजत होत्या. हे झाड होतं, हे नव्हतं, या घराला रंग दिला, हा रंग कुणी निवडला. गावात शिरताना मात्र त्यांनी घरांच्या धाब्यांवर पाहिलं. आबांच्या घरातून धूर निघत होता. नानांच्या घरातून वेगळा धूर निघत होता. अक्कांनी केळीची एकच मोठी पिशवी मांडीवर ओढून घेतली.

आबांच्या ओसरीवर नवी घागर, डांगर, तिच्यावर हळदीकुंकू. नानांच्या ओसरीवर नवी घागर, डांगर, हळदीकुंकू. एका बापाला दोन घागरी. वर त्या बिचाऱ्याने कुठल्या घागरीला तोंड लावावं? अक्कांनी दोन्हीकडे नमस्कार केला. दोन्हीकडे जेवल्या. आबांकडे खापरावरचे मांडे आणि आमरस, नानांकडे खापरावरचे मांडे, आमरस आणि वर सांजोऱ्या. एकाकडे कमी जेवलं की दुसऱ्याच्या घरी बातमी पोचायची, म्हणून त्या दरवर्षी दोन्हीकडे पोटभर जेवायच्या. दुसऱ्या जेवणाच्या शेवटी त्या भिंतीला टेकून बसल्या, मला जवळ बोलावलं आणि फोन उघडला. माझाच फोटो.

त्यांनी एक डोळा मिटला. बोटांनी फोटो मोठा केला. "नाना आबापेक्षा हातभर उच्चा शे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "फोटोमा बुटका कसा व्हयना?"

सांगतो, यालाच म्हणतात परीक्षा. मागचा माणूस जवळ आला तरी लहानच राहतो. लेन्स अंतर खाते पण उंची लपवू शकत नाही. हे मला शिकायला वीस वर्षं लागली होती. मी खाली मान घातली आणि सगळं सांगितलं. मला वाटलं रडतील. अक्कांनी फोन बंद केला, पदराने पुसला आणि म्हणाल्या, "तुन्ही लेन्स खोटं बोलस. मन्ही नही बोलस."

मग थोड्या वेळाने विचारलं की दुसरी लेन्स आणली आहेस ना, ती कसलं खोटं बोलते?

मी त्यांना सांगितलं. सांगता सांगता माझ्यातला खोडकर माणूस उठून बसला. अक्कांच्या त्या नव्या डोळ्यात काहीतरी चमकलं. मोतीबिंदूच्या डॉक्टरला कळणार नाही असं काहीतरी.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर अक्कांनी सगळ्यांना शेतात बोलावलं. फोटो काढायचा, निंबाखाली, सगळ्यांचा. पोरीबाळी दुसऱ्या झाडाच्या झोक्यावरून उतरून आल्या. पत्त्यांचे दोन्ही डाव मोडले; आखाजीला आमच्याकडे पुरुष पत्ते खेळतात आणि त्यातही आबांचा डाव एका झाडाखाली, नानांचा दुसऱ्या. सगळे ओळीत उभे राहिले, आणि ओळ काय सुरेख लागली. मधोमध अक्का, दोन्हीकडे सुना, मुलं, जावई. एका टोकाला आबा. दुसऱ्या टोकाला नाना. दोघे असे उभे, जणू ओळ त्यांच्या हातात दोरीसारखी ताणलेली आहे.

माझ्यामागे विहीर होती. मागे सरकायला जागा नाही. एवढी ताणलेली ओळ फक्त रुंद लेन्समध्येच मावणार होती. मी बेडकाचा डोळा लावला, एक फोटो काढला आणि आबांकडे कॅमेरा घेऊन गेलो. गावाकडे फोटो काढल्यावर दाखवावाच लागतो, नाहीतर आला नाही असं समजतात.

आबा तरुणपणी कुस्ती खेळलेले. आजही सकाळी आरशासमोर श्वास आत ओढून उभे राहतात, हे सगळ्या गावाला माहीत. त्यांनी पडद्यावर पाहिलं. कडेला एक अवाढव्य गृहस्थ उभा होता, पोट बाजूला ओघळलेलं, गाल कणकेसारखा ओढलेला.

"हाऊ कोन शे?" आबांनी विचारलं.

मी नाइलाज झाल्यासारखा चेहरा करून समजावलं. ही रुंद लेन्स आहे, आबा. मधला माणूस असतो तसा येतो. कडेचा माणूस जाड दिसतो. तिचा स्वभावच तसा. एवढं मी जरा मोठ्याने बोललो. ओळीच्या दुसऱ्या टोकाला नानांनी मिशीवर हात फिरवला. नानांची मिशी ही पंचक्रोशीतली एकमेव गोष्ट आहे जिची दर रविवारी मापं घेतली जातात. मी त्यांनाही फोटो दाखवला. मिशीचा डावा भाग उजव्याच्या दीडपट आला होता.

परत जागेवर गेलो, डोळा लावला. आबा एका माणसाने आत सरकले होते. बाजूच्या जावयाला त्यांनी कडेला ढकललं, जावई तरुण, त्याला जाड दिसलं तर शोभेल असा त्यांचा विचार असावा. मी फोटो काढला, म्हणालो, अजून थोडं जाड येतंय. पुन्हा डोळा लावला तर नाना दोन सुना ओलांडून आत आलेले. आबांनी ते पाहिलं. आबा तीन माणसं आत आले. नानांनी ते पाहिलं. दोघे एकमेकांकडे बघत नव्हते, दोघे फक्त कडेपासून पळत होते. सुना तोंडाला पदर लावून बाजूला होत गेल्या. ओळीची टोकं बदलत राहिली, पोरं कडेला फेकली गेली आणि त्यांना त्याचा फार आनंद झाला, जाड दिसायला मिळतंय म्हणून ती गालही फुगवू लागली.

शेवटी मधोमध अक्का, एका बाजूला आबा, एका बाजूला नाना. अजून अक्का मध्ये होत्या.

तेव्हा अक्कांनी डोक्यावरचा पदर सारखा केला, माझ्याकडे पाहून एक डोळा मिटला आणि कुणाला काही न सांगता दोन भावांच्या मधून निघून थेट ओळीच्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या.

मध्ये एका माणसाची जागा रिकामी राहिली. फोटोत अशी फट दात पडल्यासारखी दिसते. माझं काम थांबायचं होतं. मी लेन्स पुसली. मी पुन्हा लेन्स पुसली. चष्मा काढला, तोही पुसला. निंबातून फुलोरा पडत होता, दोघांच्याही टोप्यांवर. छाटलेल्या फांदीची ती गोल खूण दोघांच्या डोक्यांच्या बरोबर वर.

आबा म्हणाले, "सरक ना."

मी अंगच्या सवयीने नानांकडे वळलो, निरोप द्यायला. तोंड उघडलं. आणि लक्षात आलं की आबांनी हे मला सांगितलंच नव्हतं.

नाना समोर बघत होते. मग त्यांनीही समोर बघतच विचारलं, "कथा सरकू?"

कुठे सरकू. हे दोघांचं संभाषण. एवढंच. इतक्या वर्षांनी सरक आणि कुठे सरकू. नाना अर्धं पाऊल सरकले, आबा अर्धं सरकले, खांद्याला खांदा लागला तेव्हा दोघांनी एकाच वेळी पाठीमागे हात बांधले. मी शटर दाबलं. कॅमेऱ्यामागे डोळा होता म्हणून बरं. लेन्समध्ये पाणी दिसत नाही, पण लेन्सच्या या बाजूला बरंच होतं.

या गोष्टीत सगळं गोड झालं असं कुणी समजू नये. त्या रात्रीही दोन चुली पेटल्या. पण पुढच्या आठवड्यात आबांनी नानांना फोन करून शिव्या दिल्याची बातमी मला कळली, मोटरवरून, थेट, स्वतःच्या आवाजात. मी धुळ्यात पेढे वाटले. आता ते दोघे रोज भांडतात आणि मधे कुणाला उभं करत नाहीत. सालदार म्हणतो, शेतात मोकळं वाटतं. पुढच्या आखाजीला घागरी दोनच होत्या, पण एकाच ओसरीवर होत्या. एका घागरीचं डांगर नानांच्या शेतातलं, दुसरीचं आबांनी बाजारातून आणलेलं, आणि कुठलं गोड निघालं यावर दुपारभर वाद चालला.

जळगावच्या मित्राने विचारलं, कुठली लेन्स ठेवलीस? मी त्याला सांगितलं, दोन्ही खोटं बोलतात, पण एकीच्या खोट्याने माणसं हलतात. रुंद ठेवली. लांब परत केली. ती परत करताना मात्र हात जड झाला, कारण तिने आधी खोटं दाखवलं नसतं तर अक्का एकच पिशवी घेऊन आल्या नसत्या. सगळ्या लेन्स खोट्या असतात हे मला वीस वर्षं माहीत होतं. खोट्यानंतर खरं करायला कुणालातरी कडेला जाऊन उभं राहावं लागतं, हे माहीत नव्हतं.

हे सगळं आठवत मी काल स्टुडिओत बसलो होतो आणि तेवढ्यात अक्कांचाच फोन आला. दुसऱ्या डोळ्यातही लेन्स टाकून झाली. आता दोन्ही डोळे उघडे ठेवून बघते, म्हणाल्या, एक मिटायची सवय जात नाही एवढंच. गाडी नेहमीचीच, न्यायला ये. निंबाला त्या छाटलेल्या जागी नवी फांदी फुटली आहे असं नानांनी कळवलं, आणि ती किती जाड आहे हे आबांनी कळवलं, आणि दोघांची मापं जुळत नाहीत, तेव्हा ती मी स्वतः बघणार.

मग त्या फोटोचा विषय निघाला. अक्कांनी तो मोठा करून यावलला बैठकीत लावलाय. बरोबर मधोमध दोन भाऊ, असतात तसे, एक कुस्तीगीर, एक मिशी. आणि अगदी कडेला अक्का, भल्या थोरल्या, गाल ओघळलेले, दंड केळीच्या खांबाएवढे. आलेला प्रत्येक पाहुणा विचारतो म्हणे, ही एवढी जाड कोण? मला वाईट वाटलं. मी म्हणालो, अक्का, आता कॉम्प्युटरवर ते दुरुस्त करता येतं. मी तुम्हाला होतात तशा बारीक करून नवा फोटो पाठवतो.

पलीकडून हसू ऐकू आलं. दोन घरची जेवणं एका दिवसात जेवणाऱ्या बाईचं हसू.

"ऱ्हाऊ दे," अक्का म्हणाल्या. "माहेरनं शे ते."